तुझं अंगण माझ्या दारात

मुई. डुकराचं वर्ष, आठवा महिना, पौर्णिमा.

हायताई,

हे ऐकते आहेस म्हणजे अजून आहेस. चला, एक काळजी मिटली.

तुला वाचता येत नाही आणि मला लिहिता येत नाही. आईनं दोघींना सारखंच वाढवलं, त्यावरून तरी आपल्याला भांडता यायचं नाही. म्हणून मी इथं बोलते आहे आणि वाणसामानाच्या होडीवाली लुआ लिहून घेते आहे. तिच्याच होडीत बसले आहे, एका अंगाला मिठाचं पोतं आणि दुसऱ्या अंगाला रॉकेलचा डबा. पत्राला रॉकेलचा वास आला तर तो माझा समजू नकोस. तिकडे जे कोणी वाचून दाखवत असेल त्याला सांगणं एवढंच, की जरा सावकाश वाच. हायताईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि न पटलेलं तर दोन्ही कानांनी येत नाही.

लुआला नाम कानच्या बाजारात तुमच्या बाजूचा एक होडीवाला भेटला. तो म्हणाला, तिकडचा बांध गेला, बांधामागचा रस्ता गेला, आता समुद्र लोकांच्या चुलीपाशी येऊन भात शिजला का विचारतो. मागच्या आडव्या वाऱ्यात कुणाची तरी न्हाणी गेली. आत बाई होती, ती हातात साबण घेऊन बाहेर पळाली. हसू नकोस. म्हणजे हस, पण हसून झालं की विचार कर, पुढची पाळी कुणाची. दारापुढची कांदळं कोळंबीच्या तळ्यांसाठी सगळ्यांनी तोडली, तुझ्या गेलेल्या नवऱ्यानंही तोडली. मी त्यावर काही बोलत नाही. बघ, नाही बोलले.

सरळच सांगते. दहाव्या महिन्यात आडवा वारा सुटेल आणि त्याच्या पाठोपाठ वर्षातली मोठी उधाणं येतील. त्याआधी तू इकडे ये. कायमची ये. आणि येताना आईला घेऊन ये.

आई माझ्याकडे होती, माझ्याच मांडीवर गेली. तू होडी घेऊन आलीस, खाली उतरलीससुद्धा नाहीस, काठीनं माझा किनारा टोचलास आणि म्हणालीस, "ह्या चिखलाच्या रबडीत ठेवणार आईला? दोन भरत्यांत वर येईल ती." खरंच होतं ते. तेव्हा माझ्या दारात उभा बांबू रोवला तर सकाळपर्यंत गिळला जायचा. म्हणून नेऊ दिली, तुझ्या जमिनीत पुरू दिली. पण तुझ्या अंगणात, सगळा गाव जेवायला बसलेला असताना, मी नुसतं म्हणाले की आईला इथल्या उन्हात करमायचं नाही, तर केवढी उसळलीस! "रबडीत राहणाऱ्यांनी मला जमीन शिकवू नये. पुन्हा माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस." मी ताट तसंच ठेवून उठले. बदकाचं मटण होतं, अजून आठवतं.

पाय ठेवला नाही. आजतागायत नाही. पण समुद्राला कोणी तसं बजावलेलं दिसत नाही.

उत्तर याच वाटेनं परत पाठव. लुआ पाकिटावर पत्ता घालते आहे: कालव्याच्या तोंडाशी, जिथं किनारा ढासळतो, तिथल्या म्हाताऱ्या हाय यांना.

तुझी, लहान आणि लहानासारखीच वागणारी,
उत


मुई. डुकराचंच वर्ष, दुसऱ्यांदा आलेला आठवा महिना, अमावास्या.

हायताई,

यंदा पंचांगानं आठवा महिना दोनदा दिला. मला वाटलं, तुला उत्तर सुचायला वेळ लागतो हे वर कळलं असावं. तरी नाहीच आलं.

लुआ म्हणते, "उत मावशी, राग असेल त्यांचा अजून." मी म्हटलं, राग नाही, तो तिचा मान आहे. पहिली जन्मलीस तू, पण पहिलं मूल कुठलं ते भुतांना कळू नये म्हणून इकडच्या रिवाजानं तुला हाय म्हणायला लागले, म्हणजे दोन. भुतं फसली की नाही देव जाणे. तू मात्र जन्मभर ज्याला त्याला आपण पहिल्या आहोत हे पटवत राहिलीस. मी शेंडेफळ म्हणून उत. मला कुणाला काही पटवायचं नव्हतं, म्हणून मी नुसती बोलत राहिले.

आता माझ्या रबडीचं ऐक.

तू काठी टोचलीस तिथं आता तिवर उभं आहे. तिवर आधी येतं, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं. चिखलातून बोटं वर काढून श्वास घेत बसतं. त्या बोटांत गाळ अडकतो आणि चिखल जरा बूड टेकतो. मग मागून कांदळाच्या लांब शेंगा भरतीबरोबर येतात, उभ्या रुततात आणि चार पाय फुटल्यासारख्या मुळांवर उठून उभ्या राहतात. निवट्या मासे त्यांच्यावर चढून डोळे वटारतात, अगदी तुझ्या सासूसारखे. त्याच्याही मागे मी अनवाणी चालते आणि फक्त घोट्यापर्यंत जाते. माझ्या वयाला घोट्यापर्यंत म्हणजे खडकच. माझ्या विन्हनं तिथं केळी लावल्या. केळी धरल्या, ताई. जिथं केळ धरते तिथं आई राहील.

हा गाळ आला कुठून, ते तुला सांगायला नको. आडव्या वाऱ्यात समुद्र तुमचा किनारा चावतो, चावलेला घास तोंडात धरून जमिनीच्या टोकाला, या मुईच्या नाकाला, वळसा घालतो आणि आमच्या दारात येऊन टाकतो. त्या दिवसांत आमचं पाणी पेजेसारखं होतं. तर तू म्हणाली होतीस ना, माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस? नाही ठेवला. आता तुझं अंगणच माझ्या दारात आलंय. मी रोज सकाळी त्यावर चालते, कोंबड्या सोडते, परवा विडा खाऊन थुंकलेसुद्धा. काय करणार आहेस? अंगण आलं, बांध आला, रस्ता आला, त्या बाईची न्हाणी आली. तूच तेवढी यायची राहिलीस.

वाचणाऱ्या बाळा, पुढचं ताईला वाचून दाखवू नकोस, तुझ्यापुरतं ठेव. ती पोटभर जेवते का? उठताना गुडघ्यावर हात ठेवते की भिंतीवर? माझं नाव निघालं की रागावते का? रागावत असेल तर चांगलं आहे. गप्प बसत असेल तर मला लगेच कळव.

इथून पुढे पुन्हा मोठ्यानं वाच.

मिठातली खेकडी पाठवते आहे. तुला आवडतात म्हणून नाही, जास्त झाली म्हणून.

उत


मुई. नववा महिना, पहिला पंधरवडा.

हायबाई,

तुमचं पत्र आलं. लुआनं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला माझ्याकडून विडा गिळला गेला. चुन्यानं घसा अजून जळतो आहे, त्याचं काय ते तुम्ही बघा.

म्हणजे तुम्ही माझी बहीण नाहीच! तुम्ही म्हणता, पहिल्या ओळीलाच तुम्हाला कळलं होतं, कारण तुम्हाला धाकटी बहीणच नाही. तरी सुनेला म्हणालात, "वाच गं लियेन पुढे, बघू ही बाई आणखी काय बोलते." दुसऱ्या पत्रात लियेननं तो गाळायचा भाग इमानदारीनं गाळला, तर तुम्ही हातपंख्याचा दांडा उगारून तिच्याकडून तोही वाचून घेतलात. खेकडीही खाल्लीत. आणि वर लिहिता, "मीठ जरा कमी होतं."

हायबाई, मी दोन महिने माझ्या बहिणीवर रागावले, ती बोलत नाही म्हणून. तिला बिचारीला काही कळलंच नव्हतं. तो सगळा राग आता तयार पडला आहे. तुम्हाला देऊन टाकते, सांभाळा.

पण तुम्ही ते शेवटी लिहिलंय ना, "मला कोणी चिडवून पुष्कळ वर्षं झाली. म्हातारीशी सगळे जपून बोलतात, म्हणून पत्रं ठेवून घेतली", ते मी लुआला दोनदा वाचायला लावलं. ठेवा. पत्रं तुमची झाली.

चूक माझीच आणि थोडी लुआची. "मावशी, पत्ता नीट सांगा," असं ती म्हणालीही होती. मी म्हटलं, तेवढं पुरे. आता कळतं की त्या किनाऱ्याला कालव्याची तोंडं पुष्कळ, ढासळतो तो सगळाच, आणि घरटी एक म्हातारी हाय. तुमच्या एका वाडीत चार! भुतांना फसवायला निघालो आणि टपालवाला फसला.

तुम्ही विचारता, "बहिणीचं नाव सांगा, मी आणि लियेन शोधून काढतो."

नाव! अहो, मला काय विचारताय तुम्ही? तुम्ही कधी तुमच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढलंत? आमच्या लहानपणी पोरं भांडायला उठली की समोरच्याच्या आईबापाचं नाव घ्यायची. त्याहून वाईट शिवी नव्हती. एकदा बाजूच्या घरातल्या पोरानं कालव्यापलीकडून ताईचं नाव घेऊन ओरडून पळ काढला. मी त्याला गाठून मानेपर्यंत चिखलात बसवला, ओहोटी लागली तेव्हा सोडला. त्या नावासाठी मी हे केलंय, आणि आता तेच नाव मी होडीत बसून वाणसामानवालीला सांगू?

विन्हला विचारलं. तो म्हणतो, "आई, मावशीला नाव आहे?" पोराचंही बरोबरच आहे, त्याला कोण सांगणार होतं? ताई सोडली तर ते नाव माहीत असलेली एवढ्या जगात मी एकटी उरले आहे आणि मलाच ते घेता येत नाही.

थांबा जरा. मला बसून विचार करू दे. पण तुम्ही थांबलात तरी वारा थांबणार नाही, हेही कळतंय मला.

उत


मुई. नववा महिना, पौर्णिमा.

हायताई,

पाकिटावर तुझं नाव आहे. हो, मीच सांगितलं. पत्र आणणाऱ्या बाईंवर ओरडू नकोस. त्याही हायच आहेत. माझी आधीची दोन पत्रं त्यांनी ऐकली, तुझी खेकडी त्यांनी खाल्ली. त्यांना बसायला दे. त्यांची सून लियेन वाचून दाखवेल, तिन्ही पत्रं एकदम ऐक आणि मग एकदमच रागाव.

नाव कसं घेतलं ते सांगते. सकाळी केस धुतले. देवघरात आई-बाबांपुढे उदबत्ती लावली आणि म्हटलं, एकदाच घेते, कामासाठी घेते, कान झाका. मग लुआच्या होडीत जाऊन तिच्या कानाला तोंड लावलं आणि सांगितलं. ती बया केवढ्यानं ओरडली, "काय? बुन? चिखल?" धक्क्यावर भांडी घासत होत्या त्या सगळ्या वर बघायला लागल्या. म्हणे, "मावशी, एवढ्यासाठी इतके दिवस घालवलात? मला वाटलं काहीतरी राणीबिणीचं नाव असेल!"

मी तिला सांगितलं, पहिलं मूल होतं. भुतांनी वळूनसुद्धा बघू नये म्हणून आईनं मुद्दाम चिखल ठेवलं. माझ्या वेळेपर्यंत भीती संपली होती, म्हणून मी न्योक, म्हणजे रत्न. तर लुआ माझ्या पायांकडे बघून म्हणते, "आणि चिखलात कोण राहिलं?" हिच्याकडून आता मीठसुद्धा घेणार नाही.

पण ताई, नाव घेतलं आणि एक झालं. आई गेल्यापासून ते कुणी घेतलेलं नव्हतं. आई ते एकाच वेळी घ्यायची, भरती चढायला लागली की. मी खेकड्यांच्या मागं चिखलात रुतलेली असायचे आणि ती ओट्यावरून ओरडायची, "बुन, उतला उचल!" मग तू कपाळाला आठ्या घालून यायचीस, मला काखेत हात घालून उपटायचीस आणि म्हणायचीस, "एक दिवस सोडून देईन इथंच." लुआच्या कानात मी ते नाव घेतलं ना, तर ते माझ्या आवाजात आलंच नाही. आईच्या आवाजात आलं. लुआनं लेखणी बाजूला ठेवली आणि पाणी दिलं.

तेव्हा आता ऐक. भरती चढते आहे. या खेपेला मी तुला काखेत हात घालून उपटणार आहे.

अमावास्येचं उधाण उतरलं की भांगाचं पाणी लागेल, समुद्र निजल्यासारखा होईल. तेव्हा विन्ह होडी घेऊन येईल. आईची हाडं ठेवायला मातीची कोठी तो आणेल. तू फक्त तुझी चटई आणि पानाचा डबा घे. बाकीचं समुद्राला राहू दे, त्यानं एवढी मेहनत केली आहे.

उत


मुई. दहावा महिना, शेवटचा आठवडा.

हायताई,

विन्ह रिकामी होडी घेऊन परत आला. आल्यावर जेवलाही नाही. म्हणाला, "मावशीनं मला भात वाढला, माशाचा मोठा तुकडा वाढला, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, जा."

तुझं उत्तर लियेनच्या अक्षरात मिळालं. "आईला ने. मी येत नाही. सगळ्या गावासमोर मी त्या जागेला रबडी म्हणाले. आता कुठल्या तोंडानं तिथं येऊन राहू? थोरलीनं धाकटीच्या दारात राहायचं नसतं." वाचताना लुआनं दोनदा नाक पुसलं. मी नाही.

हायबाईंनी वेगळ्या कागदावर सगळं कळवलंय. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच विचारलं होतं. तुझा मुलगा बायको-पोरांना घेऊन सायगावला गेला, हे मला कुणी सांगायचं? मागचं स्वयंपाकघर गेलं, तू पुढच्या खोलीत चूल मांडलीस. रोज संध्याकाळी आईच्या थडग्यापाशी दिवा लावतेस, आणि थडग्यापासून पाण्यापर्यंत आता एक झोपायची झोळी टांगता येईल एवढीच जागा उरली आहे. आडवा वारा सुटला, ताई. आमच्याकडचं पाणी पेजेसारखं व्हायला लागलं. मी रोज सकाळी त्याच्याकडे बघते आणि म्हणते, यात आज काय आलं असेल.

तर ठीक आहे. नको येऊस राहायला. तुला बोलावतं कोण? माझ्याकडे जागा तरी कुठे आहे? नातवंडं झोळ्यांत एकावर एक टांगली आहेत, तू घोरतेस, आणि आमटीत गूळ जास्त घालतेस.

पण आईचं काय? आईबापाचं थडगं उघडायला मुलगा लागतो. भाऊ दोघेही राहिले नाहीत, तर थोरली लेक लागते. थोरलीनंच उघडायचं, थोरलीनंच हाडं धुवायची, थोरलीनंच नव्या जागी झाकायचं. हे मला तूच शिकवलंस. विन्हचा हात मी आईला लावू देणार नाही. तेव्हा तू राहायला येऊ नकोस, सोडायला ये. आईला सोड आणि परत जा. कामासाठी आलेल्या माणसाला तोंड कुठलं, हे कोणी विचारत नाही.

एक लहानसा रिवाज मात्र आहे इथला. तुला माहीत नसेल, तुमच्याकडची माती वेगळी. नव्या थडग्यावरची माती वाळेपर्यंत थोरल्या लेकीनं तिथून हलायचं नाही. हलली तर आई उठून तिच्या मागोमाग चालू लागते. माती वाळली की तू मोकळी. त्याच दिवशी विन्ह तुला सोडून येईल, शब्द देते.

लियेन, ही ओळ गाळ: लुआ विचारते आहे, हा रिवाज कधीपासून? आजपासून.

पुढचं भांगाचं पाणी अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला आहे. त्यानंतरचं उधाण मोठं. विन्ह पुन्हा निघाला आहे, हे पत्र त्याच्याच हातात दिलं आहे. त्याला भात वाढ, पण या खेपेला "जा" म्हणू नकोस.

उत


मुई. उंदराचं वर्ष, दुसरा महिना, पौर्णिमा.

हायबाई,

नव्या वर्षाचा तेत झाला, पानं गळली, ऊन तापलं, आणि मी तुम्हाला आत्ता पत्र लिहवते आहे. कारण एकटीला बोलायला जागाच मिळत नव्हती. आज ताई नातीबरोबर बाजाराला गेली म्हणून लुआच्या होडीत घुसले आहे.

सगळं पहिल्यापासून सांगते. त्या दिवशी विन्हची होडी कालव्यात वळली तेव्हा मी धक्क्यावर होते. ताई मधोमध बसली होती, मांडीवर मातीची कोठी, वरून तिचाच चौकड्याचा पंचा गुंडाळलेला. केवढी लहान झालीय हो! तुम्ही मला कळवलं नव्हतंत. मी सकाळपासून बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं राहिलं, होडीचा दोर तेवढा पकडला.

होडी लागली तरी ती उतरेना. काठी काढली आणि किनारा टोचला.

"रबडी," ती म्हणाली.

"जरा घट्ट झालीय," मी म्हटलं.

"केळी कुणी लावल्या?"

"विन्हनं."

"फार दाट लावल्या. एकमेकींचं ऊन खातील." आणि कोठी छातीशी धरून उतरली. घोट्यापर्यंत गेली, थबकली, मी हात पुढं केला. तिनं हात धरला नाही, कोठी माझ्या हातात दिली. "तूच धर आईला. मी येते माझी माझी." तिनं सांगितलं तसं मी केलं. लुआला विचारा, ती होती तिथं. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असं ती सगळीकडे सांगत फिरते.

आईला केळींच्या मागे ठेवली. ताईनं माती लोटली, मी उदबत्त्या लावल्या. दुसऱ्या दिवसापासून ताईचा नेम सुरू झाला. सकाळी उठायचं, मातीत अंगठा दाबायचा आणि मला ओरडून सांगायचं, "ओली आहे." मी म्हणायचे, "मग थांब." आडव्या वाऱ्याचे दिवस, मोठ्या भरतीचं पाणी केळींच्या बुडापर्यंत यायचं. मी निर्धास्त होते.

बाराव्या महिन्याच्या उधाणात तिचं घर गेलं, हे तुमच्या पत्रानं कळलं. मी तिला तीन दिवस सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "गेलं ना?"

"गेलं."

"आवाज झाला?"

"लियेन म्हणते, नाही झाला. सकाळी बघितलं तर नव्हतं."

"बरं," म्हणाली आणि पुढची जुडी घेतली. त्या दिवशी आमटीत गूळ इतका पडला की नातवंडांनी खीर समजून खाल्ली. मी दोनदा वाढून घेतली.

पण हायबाई, घर गेलं म्हणून ती माझी झाली असं नाही. तिनं तेतच्या सणात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माती वाळली की मी जाणार. सायगावला मुलाकडे जाईन, नाहीतर त्या दुसऱ्या हायकडे जाईन, पण इथं पाहुणी म्हणून आले आहे." मुलाच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही हे तिला माहीत आहे. तुमच्या घरामागेही समुद्र आलाय हेही माहीत आहे. तरी जाणार. मान आहे ना!

आणि मग पावसाचा थेंब नाही, वारा पडला, ऊन असं की चिखलावर मिठाची पांढरी साय धरली. निवट्या बिळातून बाहेर येईनात. आईच्या थडग्याच्या कडांना बारीक भेगा पडायला लागल्या. मी घाबरले. रात्री उठून पाणी घालावं म्हटलं, तर अंधारात भरलेली घागर घेऊन माझे गुडघे केळींपर्यंत नेत नाहीत. विन्हला सांगावं तर तो तिचा भाचा, पोटात काही राहत नाही. मी सकाळी तिच्याकडे बघायचंच सोडून दिलं. कान झाकून झोळीत पडून राहायचे. आणि रोज तिकडून आवाज यायचा, "ओली आहे." मी मनात म्हणायचे, हिचा अंगठा बधिर झाला की काय म्हातारपणानं.

परवा दुपारी सगळं घर पेंगत होतं. मला विड्याची तल्लफ आली म्हणून उठले. स्वयंपाकघराच्या कुडातून पाहिलं, तर ताई रांजणापाशी उभी. पावसाचं पाणी साठवलेला तो रांजण, हायबाई, गोड्या पाण्याचा! उन्हाळ्यात आम्ही त्या पाण्यानं तोंडसुद्धा धूत नाही. तिनं इकडे तिकडे पाहिलं. करवंटी बुडवली, भरलेली करवंटी दोन्ही हातांत धरली आणि एकही थेंब सांडू न देता केळींच्या मागे गेली. आईच्या मातीवर हळूच ओतली. परत आली, आणखी एक नेली. मग पंच्यानं हात पुसले, अंगठा दाबून बघितला आणि घराकडे तोंड करून ओरडली,

"उत! ओलीच आहे गं अजून!"

मी धावत झोळीत जाऊन पडले. माझे गुडघे, पण धावले. डोळे मिटले, झोपमोड झाल्यासारखा आवाज काढला आणि म्हटलं, "मग थांब."

हे तिला कळू देऊ नका. लियेन, हे पत्र घरात वाच, ओट्यावर नको. त्या किनाऱ्यावर हाया फार, बातमी फुटेल.

आणि हायबाई, तुमच्या घरामागचं पाणी किती आत आलं, ते तुम्ही मागच्या पत्रात गाळलंत. मी ऐकणारी बाई आहे, गाळलेलंही ऐकू येतं. तू ये. बघ, तू म्हणाले. निमित्त लागत असेल तर कळव, माझ्याकडे रिवाज पुष्कळ आहेत.

रांजण अर्ध्याच्या खाली गेलाय. पाऊस अजून दूर आहे. विन्ह रोज झाकण उघडून बघतो आणि विचारतो, "आई, एवढं पाणी जातं कुठे?"

मी म्हणते, मला हल्ली फार तहान लागते.

उत